गाडी किती देते ते सोडा, सगळ्या मिळून किती पितात ते सांगा

मराठीत मायलेजला आपण सर्रास अ‍ॅव्हरेज म्हणतो. गाडी काय अ‍ॅव्हरेज देते, अठराचं पडतं का वीसचं, एसी लावल्यावर किती उतरतं वगैरे. शब्द तसा बरोबरच आहे, कारण चढ, उतार, सिग्नल, ट्रॅफिक सगळं पोटात घेऊन जो आकडा निघतो तो सरासरीच असतो. पण एखाद्या देशातल्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज अमुक टक्क्यांनी सुधारलं अशी बातमी आली की आपण ती स्वतःच्या गाडीच्या अ‍ॅव्हरेजसारखी वाचतो, म्हणजे तेवढं पेट्रोल वाचलंच असं धरून चालतो, आणि बहुतेक वेळा तसं काही झालेलं नसतं.

मी अशी बातमी दिसली की तीन गोष्टी शोधतो. नव्या गाड्यांबद्दल बोलतायत का रस्त्यावरच्या सगळ्या, आकडा लॅबमधला आहे का रस्त्यावरचा, आणि एकूण किती लिटर जळलं ते कुठे लिहिलंय का. तिसरी गोष्ट जवळपास कधीच सापडत नाही. आणि माझ्या मते एखाद्या प्रदेशातल्या गाड्या सुधारल्या की नाही हे ठरवायला तोच आकडा मुख्य धरला पाहिजे, आणि गाडी जेवढी मोठी तेवढा नियम सैल ही जी जगात बऱ्याच ठिकाणी पद्धत पडलीये ती बंद झाली पाहिजे. आता हे का म्हणतोय ते सांगतो, जरा लांबेल.

अमेरिकेपासून सुरू करतो कारण तिथली आकडेवारी खूप जुनी आणि सलग आहे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या रस्त्यांवरच्या सगळ्या गाड्यांचा १९२३ पासूनचा हिशोब मांडलाय. १९२३ मध्ये सरासरी गॅलनला १४ मैल, म्हणजे लिटरला साधारण ६ किलोमीटर. आणि १९७३ मध्ये? ११.९ मैल, म्हणजे लिटरला जेमतेम ५. पन्नास वर्षं इंजिनिअर लोक राबले, इंधन सुधारलं, रस्ते सुधारले, आणि अ‍ॅव्हरेज खाली आलं! कारण पेट्रोल स्वस्त होतं आणि गाड्या लांबलचक, जड, आठ सिलिंडरच्या होत गेल्या, कोणाला पडलीच नव्हती.

मग १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या आणि एकदम सगळ्यांना अक्कल आली. १९७५ मध्ये अमेरिकेत कायदा झाला, त्यातून ते प्रसिद्ध कॅफे नियम निघाले, म्हणजे एका कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या नव्या गाड्यांची सरासरी काढायची आणि ती ठरलेल्या आकड्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. कारसाठी १९७८ ला १८ मैलांपासून सुरुवात आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल. आणि खरंच फरक पडला. तिथल्या पर्यावरण खात्याच्या हिशोबात नव्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज १९७५ ला लिटरला साडेपाचच्या आसपास होतं ते १९८७ ला सव्वानऊच्या पुढे गेलं. बारा वर्षांत इतकी उडी नंतर कधीच पडली नाही. जे लोक म्हणतात की नियमांनी काही होत नसतं त्यांना हा एवढा काळ दाखवला तरी पुरे.

पण नंतरची गोष्ट बघा. १९८७ नंतर आकडा हळूहळू घसरायला लागला आणि २००४ मध्ये लिटरला ८.२ वर आला. इंजिनं बिघडली का? अजिबात नाही. उलट याच काळात फ्युएल इंजेक्शन सगळीकडे आलं, सिलिंडरला चार चार व्हॉल्व्ह आले, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सुधारले. गेलं कुठे मग सगळं? वजनात आणि ताकदीत गेलं. १९८१ मध्ये तिथल्या सरासरी नव्या गाडीचं वजन साधारण १४५० किलो आणि ताकद १०२ हॉर्सपॉवर होती, २०२२ मध्ये वजन १९५० किलोच्या आसपास आणि ताकद २७२ हॉर्सपॉवर. म्हणजे ऑफिसला जायला यायला लोक आधीच्या अडीचपटीहून जास्त ताकदीचं इंजिन आणि वर पाचशे किलो लोखंड घेऊन फिरतायत, आणि सिग्नलला ते थांबतं तेव्हा वेग शून्यच असतो.

ख्रिस्तोफर निटेल नावाच्या अर्थतज्ज्ञाने २०११ मध्ये याचा हिशोब मांडला तो मला फार आवडतो. त्याने विचारलं की वजन, ताकद आणि टॉर्क १९८० च्या पातळीवर ठेवले असते तर २००६ पर्यंत नव्या गाड्यांचं अ‍ॅव्हरेज किती सुधारलं असतं? उत्तर निघालं जवळपास ६० टक्के. प्रत्यक्षात सुधारलं १५ टक्के. म्हणजे पगारवाढ तर भरपूर झाली, पण घरी पोचेपर्यंत तीन चतुर्थांश उडवून आलो, आणि घरी सांगितलं की वाढच कमी मिळाली.

यात नियमांचा हात मोठा होता. त्या कायद्यात कारला एक आकडा आणि हलक्या ट्रकला दुसरा, सैल आकडा होता. शेतकरी, कंत्राटदार, मालवाहू लोकांची सोय म्हणून. पण मग ट्रक कशाला म्हणायचं? कंपन्यांनी नियम बारकाईने वाचला आणि गाड्या त्या व्याख्येत बसवल्या. क्रायस्लरची पीटी क्रूझर दिसायला सरळ सरळ कार, पण मागच्या सीट काढून सपाट फ्लोअर करता येतो म्हणून कॅफेच्या हिशोबात ट्रक. सुबारूने २००४ मध्ये आउटबॅकची उंची वगैरे बदलून तिलाही ट्रकच्या खात्यात नेलं. आणि एसयूव्हीची तर अख्खी जमातच या फटीतून वाढली. नंतर फट बुजवायला म्हणून चार चाकांच्या मधल्या क्षेत्रफळाप्रमाणे टार्गेट ठरवायची पद्धत आली, म्हणजे गाडी जेवढी मोठी तेवढं टार्गेट सोपं. युरोपात आणि भारतात क्षेत्रफळाच्या जागी वजन आलं. युरोपात २०२४ पर्यंत कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन वाढलं की मर्यादा सैल व्हायची, भारतात २०१७ पासून कॅफे आहे आणि त्यातही तसंच आहे. हेतू समजतो, छोट्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीला फुकटचा फायदा आणि मोठ्या बनवणाऱ्याला शिक्षा नको. पण अहो, तीच तर शिक्षा हवी होती ना! वजन कमी करणं हा पेट्रोल वाचवायचा सगळ्यात साधा उपाय आणि नियमाने त्याचंच बक्षीस काढून घेतलं. कंपनीने शंभर किलो घटवले तर तिचं टार्गेटही तेवढं कडक होणार, मग कशाला घटवेल ती.

हे झालं नव्या गाड्यांचं. आता रस्त्यावरच्या. इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून जरा बैजवार हिशोब करू. समजा एका भागात १०० गाड्या आहेत, सगळ्या लिटरला १२ देतात. दरवर्षी ६ जुन्या भंगारात जातात आणि त्यांच्या जागी लिटरला २० देणाऱ्या येतात. पाच वर्षांनी ३० नव्या, ७० जुन्या. बाजारात बघाल तर सगळीकडे वीसचीच चर्चा, जाहिराती वीसच्या, सरकारी पत्रक वीसचं. पण त्या भागाचं खरं अ‍ॅव्हरेज किती झालं? साडेतेराच्या आसपास. नवी गाडी म्हणजे नळातून येणारं पाणी आणि रस्त्यावरच्या गाड्या म्हणजे टाकी, नळाला गरम पाणी यायला लागलं म्हणून टाकी लगेच गरम होत नाही.

आता हाच हिशोब थोडा वाढवा. त्या पाच वर्षांत भागाची भरभराट झाली, भंगारात ३० च गेल्या पण नव्या ५० आल्या, म्हणजे एकूण १२० गाड्या. आधी शंभर गाड्यांनी शंभर शंभर किलोमीटर कापायला ८३३ लिटर लागायचं. आता ७० जुन्यांना ५८३ आणि ५० नव्यांना २५०, बेरीज करून बघा, परत ८३३. त्या भागाचं अ‍ॅव्हरेज १२ वरून १४.४ झालं, २० टक्के सुधारणा, टाळ्या, आणि पेट्रोल एक थेंब कमी जळलेलं नाही. मी आकडे मुद्दाम असे घेतलेत की बरोब्बर जुळावं, पण खऱ्या जगात ते यापेक्षा वाईट जुळायची शक्यताच जास्त असते, कारण गाडी चांगली देते म्हटल्यावर माणूस फिरतोही जास्त. मी टाकी फुल टू फुल करून वहीत नोंद ठेवतो, जुनी सवय आहे. माझ्या वहीत ज्या महिन्यांत सगळ्यात भारी अ‍ॅव्हरेज पडलंय त्याच महिन्यांत सगळ्यात जास्त लिटर भरलेत, कारण ते हायवेवर भटकायचे महिने होते.

रस्त्यावरच्या गाड्यांची ती टाकी किती हळू बदलते याचं ताजं उदाहरण म्हणजे नॉर्वे. जगात इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये सगळ्यात पुढे, २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक. तरीही रस्त्यावरच्या इलेक्ट्रिक कारची संख्या पेट्रोल कारच्या पुढे जायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला आणि तेही साडेसात लाखांत काही शेकड्यांच्या फरकाने, आणि तेव्हाही सगळ्यात जास्त संख्या डिझेलचीच होती. नॉर्वेची ही गत, तर बाकीच्यांनी दोन वर्षांच्या विक्रीवर ढोल वाजवू नयेत.

मग टाकी लवकर बदलायची म्हणून जुन्या गाड्या मोडा, हा उपाय दर काही वर्षांनी कुठे ना कुठे येतोच. अमेरिकेत २००९ मध्ये केला होता. जुनी जास्त पिणारी गाडी द्या, नवीला सरकारी पैसे घ्या. ३ अब्ज डॉलर खर्च झाले, पावणेसात लाखांच्या आसपास गाड्या गेल्या. गाडी परत रस्त्यावर येऊ नये म्हणून डीलरने काय करायचं हेही नियमात लिहिलेलं. ऑइल काढायचं, त्याजागी सोडियम सिलिकेटचं पाणी ओतायचं आणि इंजिन चालू करून रेस द्यायची. ते पाणी आतल्या उष्णतेने आटतं, मागे काचेसारखा थर राहतो, बेअरिंगं घासतात, आणि काही मिनिटांत इंजिन आवाज करत जाम होतं ते कायमचं. चालू इंजिन असं मारलेलं बघवत नाही, मी व्हिडिओ बघितलेत. आणि एवढं करून दिलेल्या गाड्या सरासरी गॅलनला १५.८ मैलांच्या आणि घेतलेल्या २४.९ च्या, ठीक आहे, चांगलीच सुधारणा, पण कोट्यवधी गाड्यांच्या देशात पावणेसात लाख म्हणजे दर्यामें खसखस. शिवाय यातल्या बऱ्याच गाड्या नाहीतरी थोड्याच वर्षांत भंगारात गेल्याच असत्या.

जुन्या गाडीवर राग काढण्यात माझा अजून एक आक्षेप आहे. जुनी गाडी असते कोणाकडे? ज्याला नवी परवडत नाही त्याच्याकडे. आणि ती गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटर फिरत असेल आणि शेजारची नवी दोन टनी पंचवीस हजार, तर पेट्रोल कोण जास्त जाळतंय? पण पंधरा वर्षं झाली म्हणून दोष पहिलीला. धुराचं म्हणाल तर मान्य, जुनी गाडी खरंच घाण धूर सोडते आणि त्यासाठी तिला हटवणं वेगळी गोष्ट आहे, पण मग धूर म्हणा, मायलेजच्या नावावर खपवू नका.

श्रीमंत देशांकडे तर तिसरीच सोय आहे, जुनी गाडी जहाजात घालायची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये अहवाल काढला होता, २०१५ ते २०१८ या काळात १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्या निर्यात झाल्या, ८० टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि सगळ्यात जास्त, साधारण ४० टक्के, आफ्रिकेत. म्हणजे पाठवणाऱ्याचं अ‍ॅव्हरेज सुधारलं, घेणाऱ्याचं जिथल्या तिथे, आणि गाडी तेवढंच पेट्रोल पितेय, फक्त दुसऱ्याच्या हिशोबात. केनियासारख्या देशाने आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी घेणार नाही असं ठरवलंय ते म्हणूनच बरं केलं.

आता लॅब. युरोपात २०१७ पर्यंत जी जुनी टेस्ट होती तिच्यात गाडी रोलरवर साधारण वीस मिनिटं, ११ किलोमीटर चालवायची, आणि शून्य ते पन्नासचा वेग गाठायला २६ सेकंद. २६ सेकंद! सायकलवाला पुढे निघून जाईल. एसी बंद, रस्ता सपाट, वारा नाही. त्यामुळे झालं असं की कागदावरचा आणि रस्त्यावरचा फरक २००१ मध्ये ८-९ टक्के होता तो २०१७ पर्यंत ४० टक्क्यांच्या घरात गेला. म्हणजे त्या सोळा वर्षांत जी सुधारणा छापून आली तिच्यातला मोठा वाटा टेस्टमध्ये पास व्हायची कला सुधारल्याचा होता. जपानात २०१६ मध्ये मित्सुबिशीने तर कबूलच केलं की छोट्या गाड्यांचे मायलेजचे आकडे फुगवलेले होते, सव्वासहा लाख गाड्या, आणि टेस्टची चुकीची पद्धत १९९१ पासून चालू होती.

युरोपची नवी टेस्ट बरी आहे. पण तिथल्या आयोगाने २०२१ च्या गाड्यांचा रस्त्यावरचा डेटा बघितला तर पेट्रोल-डिझेल गाड्या कागदापेक्षा साधारण २० टक्के जास्त पितात, आणि प्लगवाल्या हायब्रिड, म्हणजे प्लग लावून चार्जही होतात आणि पेट्रोलवरही चालतात त्या? त्यांचं उत्सर्जन कागदावरच्या साडेतीन पट. कारण कागदाने गृहीत धरलंय की माणूस रोज इमानदारीत चार्ज करेल. कंपनीच्या सरासरीत मात्र त्या गाड्या कागदावरच्याच आकड्याने मोजल्या गेल्या आणि त्यांच्या आडोशाला तितक्याच जड पेट्रोल गाड्या खपवता आल्या. इलेक्ट्रिकचंही तेच होतं, ती शून्य धरली की उरलेल्या गाड्यांना सूट मिळते. मी इलेक्ट्रिकच्या विरोधात नाही हां, पण सरासरी काढायची म्हटलं की एकाच्या उपासावर दुसऱ्याला दोनदा जेवता येतं.

आणि हो, किलोमीटर पर लिटर हे मापच जरा फसवं आहे. एक गाडी १० देते, एक ३०, दोन्ही सारख्याच फिरतात, सरासरी किती? २० म्हणालात तर फसलात, १५ आहे, करून बघा. आणि १० वालीला १२ वर नेलं तर शंभर किलोमीटरमागे दीड लिटरहून जास्त वाचतं, ३० वालीला ४० वर नेलं तर पाऊण-एक लिटर. म्हणजे दहावालीची दोनची सुधारणा तिसवालीच्या दहाच्या सुधारणेपेक्षा दुप्पट मोलाची. बाजारात कौतुक मात्र चाळिसाचं होणार. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असं उलटं लिहितात ते त्यामानाने प्रामाणिक आहे.

विरोधी बाजूचं एक म्हणणं मला पटतं. वजन सगळं हौसेचं नसतं. एअरबॅग, मजबूत बॉडी, धुरासाठीची यंत्रणा, याने गाडी जड झाली आणि त्यात जीव वाचले. मान्य. पण ते काही पाचशे किलोचं कारण नाही. मोठी गाडी सेफ म्हणतात ते आत बसलेल्यासाठी, समोरच्या छोट्या गाडीतल्याला आणि पायी चालणाऱ्याला विचारा, आणि मग छोटी गाडीवालाही घाबरून मोठी घेतो, असं ते चढत जातं. दुसरं म्हणणं असतं की नियमबियम कशाला, पेट्रोलवर टॅक्स लावा, जो जास्त जाळेल तो भरेल. तत्त्वतः मला हेच सगळ्यात बरोबर वाटतं कारण टॅक्स थेट लिटरवर आहे, त्याला लॅब फसवू शकत नाही. पण फ्रान्समध्ये २०१८ ला इंधनावरचा कर वाढवायला घेतला तर पिवळी जॅकेटं घालून लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला माघार घ्यावी लागली, कारण ज्यांना बस नाही, ट्रेन नाही, त्यांच्यावर तो सगळ्यात जास्त पडत होता. त्याच फ्रान्सने मग २०२२ पासून नव्या जड गाडीवर वजनाचा कर लावला, १८०० किलोच्या वर प्रत्येक किलोला १० युरो, आणि २०२४ ला मर्यादा १६०० वर आणली. त्याच्यावरून काही दंगे झाले नाहीत. हा रस्ता मला जमण्यासारखा वाटतो. मर्यादा हळूहळू खाली आणा, जास्त माणसांच्या कुटुंबाला सूट द्या, आणि इलेक्ट्रिक आहे म्हणून अडीच टनाला कायमची माफी देऊ नका.

आणि मोजायचं म्हणाल तर सोय झालेली आहे. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या पेट्रोल-डिझेल आणि प्लगवाल्या हायब्रिड कारमध्ये आयुष्यभर किती लिटर जळलं आणि किती किलोमीटर झाले हे मोजणारं मीटर सक्तीचं आहे, सर्व्हिसिंगला किंवा तपासणीला गाडी गेली की तो आकडा वाचता येतो, मालक नको म्हणाला तर सोडून देतात. वरचा २० टक्क्यांचा आणि साडेतीन पटीचा आकडा यातूनच बाहेर आला. बाकी देशांनी हेच मीटर नियमात घालावं, आणि दरवर्षी एक साधा तक्ता काढावा, या भागात एवढ्या गाड्या, एवढे किलोमीटर, एवढे लिटर, गाडीचं सरासरी वजन एवढं. कंपनीचं नाव नाही लिहिलं तरी चालेल. पंपावर किती विकलं गेलं तो आकडा शेजारी छापा, म्हणजे दोन्ही जुळतात का तेही कळेल.